फ्लेक्सवर हसलेले खाजाभाई

सकाळी गिरणीचं शटर वर करायला शिवकांताबाई आल्या आणि कुलपात किल्ली घालायच्या आधीच थबकल्या. गिरणीच्या भिंतीवर, भल्यामोठ्या फ्लेक्सवर, खाजामियाँ बांगडीवाले हसत होते. हसत होते म्हणजे गालातल्या गालात नव्हे, वरचे सगळे दात दाखवून. दातही कसे, तांदळासारखे पांढरेशुभ्र. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं म्हणून बरं.

भिंत बाईंनी आपणच दिलेली. पुतण्या राजशेखरचं फ्लेक्सचं दुकान. तो परवा म्हणाला होता, "काकू, खाजाभाईंच्या चाहत्यांचा कार्यक्रम ठेवलाय गल्लीत. पार नांदेडकडून लोक येऊन राहिले. तुमची भिंत पाहिजे." बाई म्हणाल्या होत्या, "मला काय विचारतो? त्यांचीच हाय भिंत."

आता त्या वळून समोर बघू लागल्या. गल्लीच्या पलीकडं खाजाभाईंचं घर. खाली बांगड्यांचं बंद दुकान, वर एकच खिडकी, तिला बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली. चिकेमागं शहजादीभाभी इद्दतीत बसलेल्या. नवरा गेला की त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घरातच काढायचे असतात. उंबऱ्याबाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. अजून बरेच दिवस बाकी होते. आणि त्या खिडकीतून दिसायचं ते एवढंच, ही भिंत.

"महादेवा," बाई पुटपुटल्या, "हे काय करून ठेवलं पोरानं."

कारण खाजाभाईंना उभ्या आयुष्यात कुणी हसताना पाहिलं नव्हतं. रागीट म्हणावं तर तसेही नव्हते. चेहरा आपला सपाट, धुऊन उभा केलेला पाटाच जणू. बायकांचा हात हातात घेऊन, मान खाली घालून बांगड्या भरायचे आणि बोलायचे असं की अख्खं दुकान लोळायचं. एकदा एका नव्या सुनेनं विचारलं, "चाचा, या बांगड्यांची ग्यारंटी हाय का?" खाजाभाई म्हणाले, "काच हाय बाई. तुझ्या बापाला नवऱ्याची तरी कुठं ग्यारंटी दिलती कुणी? घेतलाच न्हवं?" सून हसून हसून हलायला लागली, तर वर म्हणतात, "हलू नको. बांगडी वाढली तर तुझी सासू मला विचारती."

लातूरकडच्या मुरुडच्या जत्रेत हरवल्या-सापडल्याचा माईक त्यांच्याकडं असायचा. नेहमीचा माणूस एका वर्षी आला नाही म्हणून बसवलं, ते कायमचंच. त्यांचा तो एकसुरी आवाज यायचा, "सूचना ऐका. निळा फेटा बांधलेले एक मामा हरवलेत. त्यांच्या मंडळी इथं मंडपात बसल्यात. मामा, घाई करू नका. त्या अजून चहा पिऊन राहिल्या." जरा वेळानं, त्याच आवाजात, "मामा, चहा संपला. ह्याच्यापुढं तुमचं तुम्ही बघा." लोक पाळणे सोडून मंडपाशी यायला लागले. ज्यांचं काहीच हरवलं नव्हतं तेही.

पुढं मुलगी हुमा मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपून ठेवू लागली. ते धर्माबादपासून हिमायतनगरपर्यंत कुठं कुठं गेलं. लातूरला, नांदेडला स्टेजवर बोलावणी आली. खाजाभाई जायचे, लोकांना पोट धरून हसवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडं.

शिवकांताबाईंना मात्र वेगळंच आठवायचं. त्यांचे यजमान वारले, त्यानंतर वर्षभर त्या बांगड्यांच्या दुकानासमोरून मान वळवून जायच्या. एक दिवस खाजाभाईच गिरणीत आले. दळणाचा डबा ठेवला, कागदात बांधलेल्या दोन साध्या बांगड्या त्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "गिरणीच्या पट्ट्याला आवाज हाय, जात्याला हाय. तुमच्याच हाताला न्हाई. गिऱ्हाईक समजतं गिरणी बंद हाय." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाई त्या दिवशी आधी हसल्या आणि मग पिठाच्या पोत्याआड जाऊन खूप रडल्या. ज्या हातांना आता कोण काय भरणार असं वाटलं होतं, त्या हातांत त्यांनी त्या बांगड्या घातल्या.

असा माणूस. झोपेतच गेला. आणि त्याचं तोंड हे असं करून ठेवलेलं.

बाई जिना चढून वर गेल्या. हुमा सासरहून आलेली होती, तिनं दार उघडलं. शहजादीभाभी चिकेला पाठ करून बसल्या होत्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "पहाटं फजरच्या नमाजला उठले. नमाज झाली, चिक जरा सारली, तर समोर परका मानूस हसून राहिला. मी पटकन तोंडावर ओढणी ओढली. मग हुमानं नाव वाचून दाखवलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "आपल्याच मालकाला पडदा केला मी."

बाई त्यांच्याजवळ जमिनीवर टेकल्या.

"इतकी वर्सं जे तोंड बघितलं, ते डोळ्यांपुढं आणायला जाते तर मधी हे दात येतात. घरात फोटो लावायची आमच्यात रीत न्हाई. माझ्यापाशी आठवन तेवढी हाय, अक्का. तीबी पुसून जाईल."

"जाणार न्हाई," बाई म्हणाल्या. "मी बघते त्या राज्याकडं."

राजशेखर मंडपवाल्याशी बोलत उभा होता. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"दात कुणाचे हाईत हे?"

"आँ? काकू, रडक्या चेहऱ्याचा फोटो फ्लेक्सवर बरा दिसतो का? गेलेल्या माणसाचा हसराच लावतात सगळे. मोबाईलमधी सोय हाय, बोट लावलं की हसतो माणूस."

"मेलेला?"

"कुणीबी."

"अरे, त्यांना जिवंतपणी कुणी हसवू शकलं न्हाई. तू मेल्यावर हसवलास, लई मोठा कलाकार! वर ती बाई चिक उघडंना झाली."

राजशेखरनं वर खिडकीकडं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. पोरगा वाईट नव्हता. खाजाभाईंचं बोलणं त्याला तोंडपाठ होतं. पण नवा फ्लेक्स काढायचा तर मशीनची शाई संपलेली, ती लातूरहून उद्या येणार. काढून टाकावा तर मागं भिंतीचे पोपडे.

तेवढ्यात हिमायतनगरची चार माणसं जीपमधून उतरली. त्यातल्या एकानं फ्लेक्सकडं बघून विचारलं, "खाजाभाईंचा कार्यक्रम कुठं हाय हो? इथं तर कुणीतरी सरपंचकीला उभं राहिलेलं दिसतं."

"हेच खाजाभाई," राजशेखर कसाबसा म्हणाला.

"ह्ये?" तो माणूस जवळ गेला, मागं आला. "काय झालतं त्यांना? म्हणजे, शेवटी शेवटी?"

शिवकांताबाईंना आता हसावं की रडावं कळेना. दर उन्हाळ्यात त्या कुरडया वाळत घालायला राजशेखरकडून जुने फ्लेक्स आणायच्या; पुढारी खाली आणि पांढरी बाजू वर.

"उलटा लाव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पांढरी बाजू बाहेर काढ. दात जाऊ दे भिंतीकडं."

"आणि श्रद्धांजली कशाला वाहायची मग? कोऱ्या कापडाला?" एवढं बोलून राजशेखर थांबला. त्याच्या दुकानात क्रिकेटच्या म्याचला लावायचा प्रोजेक्टर होता. "हुमाताईकडं व्हिडिओ हायेत की!" असं म्हणत तो एक चप्पल मागंच टाकून पळाला.

मगरीबची नमाज होऊन अंधार पडल्यावर गल्ली भरली. पुरुष खाली सतरंज्यांवर, बायका ओट्या-ओट्यांवर. शिवकांताबाई वर, शहजादीभाभींच्या शेजारी बसल्या. त्यांनीच चिक दोन बोटं सारली.

"बघा भाभी."

"नक्को, अक्का."

"मी आधी बघते, मग सांगते."

पांढऱ्या कापडावर उजेड पडला, हलला, आणि खाजाभाई आले. तेच. खाली ओढलेले ओठ, अर्धे मिटलेले डोळे, गालावर पडलेली सुरकुती. खाली गल्लीत कुणीतरी "या अल्लाह" म्हटलं, कुणी हात जोडले.

"हेच हायेत," बाई म्हणाल्या.

शहजादीभाभी पुढं सरकल्या.

"आमच्याकडं नळाला पाणी दहा दिवसांनी येतं," खाजाभाई सांगत होते. "पाव्हण्यावानी. आलं की दारातनंच म्हणतं, निघू का? आमची घागर म्हणती, बसा की जरा. पाणी म्हणतं, न्हाई, पुढच्या गल्लीत सोयरीक हाय."

गल्ली हसली. हसता हसता माणसं डोळे पुसत होती. बोलणं संपलं तरी व्हिडिओ चालूच राहिला. हुमानं तो कधी कापलाच नव्हता. खाजाभाई तसेच बघत बसलेले. मग त्याच सपाट आवाजात म्हणाले, "झालं का हुमा? बंद कर. घरी तुझी अम्मी जेवायची थांबली असंल."

लोक पुन्हा खदखदून हसले. ही त्यांना पुढची थट्टाच वाटली.

वर शहजादीभाभी हसल्या नाहीत. त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. "थांबायचे मी," त्या म्हणाल्या. "रोज. हे येऊन ताटावर बसायचे आनि असंच बघायचे माझ्याकडं. अगदी असंच."

दुसऱ्या दिवशी बाई वर भाभींकडं असताना राजशेखर खालून ओरडला, "काकू, शाई आली! भाभींना विचारा, बिनहसरा नवा छापू का?"

शहजादीभाभींनी चिक पूर्ण वर गुंडाळली होती आणि खालून दिसणार नाही अशा आत सरकून बसल्या होत्या. समोर कोरा पांढरा फ्लेक्स उन्हात चमकत होता.

"राहू द्या म्हनावं असाच," त्या म्हणाल्या. "पोराचा जीव चांगला हाय. पन त्यांचं तोंड तिथं आता माझं मी लावून घेईन."