मधल्या अक्षरापासून

बोर्ड रंगवण्यात पेंटरचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. इंग्रजीशी मात्र त्याचा छत्तीसचा आकडा. सव्वीस अक्षरं चोख यायची, पण ती शेजारी शेजारी बसून काय बोलतात ते त्याला कधी कळलं नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, हा बघून काढायचा. तीस वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं.

मुलगी तिसरीत गेली आणि स्पेलिंगमध्ये सपाटून आपटली. सुधारली नाही तर याच वर्गात ठेवू, असं बाईंनी बोलावून सांगितलं. पेंटर शिकवणार काय, कपाळ! मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. नाव बोर्डाच्या मधोमध बसावं म्हणून तो आधी अक्षरं मोजायचा, मधलं अक्षर खडूने टाकायचा आणि तिथून दोन्हीकडे सरकायचा. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला त्याने काळा रंग दिला आणि रोज संध्याकाळी मुलीला पुस्तकातले शब्द तसेच मांडायला लावले. तो शब्दावर बोट ठेवायचा, ती तो बघून पुस्तकाकडे पाठ करून लिहायची, तो अक्षराला अक्षर ताडून बघायचा.

"अजून एक उरलंय गं. त्याने काय बाहेर उभं राहायचं?"

पोरगी खिदळायची, पुसून पुन्हा मांडायची. सहामाहीला ती स्पेलिंगमध्ये पहिल्या पाचांत आली. पेंटर आठवडाभर हवेत होता.

त्याची धाकटी बहीण पलीकडच्या रस्त्यावर शिकवण्या घ्यायची. ती चार-पाच संध्याकाळी येऊन बसली, मोबाइलवर भिंतीचे फोटो काढले, वहीत काय काय टिपून घेतलं. "दादा, तू तर मास्तर निघालास!" म्हणाली. त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी चहासुद्धा त्यानेच केला.

महिन्याभराने ती इंग्रजीतली चिठ्ठी घेऊन आली. "नवीन क्लास काढतेय. बोर्ड तुझ्याच हातचा हवा."

"काय लिहिलंयस?"

"क्लासचं नाव, वेळ, पत्ता. तू काढ बघून, नेहमीसारखं."

बहिणीचं काम म्हणून त्याने पत्रा दोनदा घासला, सोनेरी रंग आणला, दोन दिवस दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. शेवटी प्रत्येक बोर्डावर टाकायचा तसं खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकलं.

मुलगी शाळेतून आली. "वाच बघू," तो म्हणाला. त्याचा बोर्ड वाचून दाखवणारं माणूस घरात पहिल्यांदाच होतं.

तिने क्लासचं नाव वाचलं आणि थांबली. "बाबा, भूक लागलीय."

"आधी वाच."

तिने अडखळत सगळं वाचलं आणि मराठीत सांगितलं. मधल्या अक्षराची पद्धत. आत्याने स्वतः शोधलेली. स्पेलिंगमध्ये नापास होणारी सख्खी भाची आत्याच्या शिकवणीने पहिल्या पाचांत.

"तुला माहीत होतं?"

"आत्याने मागच्या महिन्यातच लिहिलं, माझ्यासमोर." पोरीचा आवाज बारीक झाला. "म्हणाली, मला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करणार. बाबांना सांगू नकोस म्हणाली. त्यांना वाचता येत नाही, कळायचंच नाही."

बहिणीने केसाने गळा कापला होता, आणि तोही त्याच्याच ब्रशने. ते त्याने गिळलं असतं. पण जिला त्याने वाचतं केलं, ती महिनाभर रोज त्याच्यासमोर भिंतीपाशी उभी राहून गप्प बसली होती. ते काही केल्या गिळवेना. त्याने टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि कोपऱ्यातलं आपलं नाव पुसलं.

संध्याकाळी बहीण टेम्पो घेऊन आली. बोर्ड बघून हरखली. मग कोपऱ्याकडे लक्ष गेलं.

"दादा, नाव नाही टाकलंस?"

"मला वाचता येत नाही ना," पेंटर म्हणाला. "कुठे टाकायचं ते कळलंच नाही."

बहिणीने भाचीकडे बघितलं. भाची खडू हातात घेऊन काळ्या भिंतीपाशी उभी होती, बाबा शब्द देतील म्हणून. पेंटरने बोर्ड उचलून टेम्पोत ठेवला आणि ब्रश धुवायला बसला.