ओल्या बारदानाचा वास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढं तरी बोललोय का? – नाय, तिथंही हात जोडून गप्पच उभा राहतो. आज तुम्हाला सांगतोय, आणि आधी दार लावून घेतलंय. हसू नका. पंचावन्नाव्या वर्षीही माणूस घाबरतो. लई घाबरतो.

मी इथल्या एका मोठ्या हॉटेलात वाइन विभागाचा प्रमुख आहे. मूळचा वैजापूरकडचा, घरी कांदा आणि कापूस. वडिलांना शेवटपर्यंत "हॉटेलात साहेब आहे" एवढंच माहीत होतं. वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे, वाळूजचे कारखानदार – कुणी शॅम्पेन मागवली की मला बोलावणं येतं. त्यातही फ्रान्सची कोरडी शॅम्पेन हा माझा खास विषय. कोरडी म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ नसतेच. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेलं असतं. मी सांगतो – आधी हिरवं सफरचंद येतं, मग लिंबाची साल, आणि मागून भट्टीतला पाव. केकबरोबर घेऊ नका, नुसती आंबट लागेल. मटणाच्या नान-कलियाबरोबर तर नकोच, तिखटावर ते बुडबुडे सुया टोचल्यासारखे लागतात. तिला हवं खारट आणि तळलेलं – मासळीचे तुकडे, खारे काजू, अहो, गरम कांदाभजीसुद्धा! पाहुणे खाऊन-पिऊन म्हणतात, वा, काय जाणकार माणूस आहे.

जाणकार कसला? मला वास येत नाही.

बारा वर्षं झाली. एका तापात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, थांबा, येईल. थांबलो – नाही आला. जिभेला आंबट, खारट, तिखट कळतं, बुडबुडे कळतात, तेवढ्यावर पदार्थांच्या जोड्या जमवता येतात. बाकी सगळं पाठांतर. एकदा घरी गॅस चालू राहिला होता आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. बायको बाहेरून आली ती किंचाळतच. मी म्हणालो, सर्दी झालीय गं. तेव्हापासून घरात शिरलो की आधी शेगडीची बटणं बघतो, आणि हॉटेलात शिरलो की लोकांचे चेहरे. कुणाला कळलं तर नाही ना?

पण बाटली बिघडलीय का, हे नुसत्या जिभेला कळत नाही. बूच खराब निघालं की आतल्या वाइनला ओल्या बारदानाचा वास लागतो. पिऊन माणूस मरत नाही, पण तशी बाटली पाहुण्याला वाढणं ही आमच्या धंद्यात मोठी नामुष्की. त्यासाठी मला नसरीन लागायची.

नसरीन माझ्या हाताखालची, तेव्हा चोवीस वर्षांची पोरगी. छावणीत तिच्या अब्बांची बेकरी. बाटली उघडली की मी म्हणायचो, "सांग बघू, काय येतंय?" – जणू शिकवतोय. ती सांगायची, मी मान डोलवायचो. दोन वर्षं मी तिच्या नाकावर नोकरी केली. हॉटेल तिला बंगळूरला वाइनच्या कोर्सला पाठवणार होतं, तिचं नाव मीच सुचवलेलं. अब्बा अख्ख्या छावणीला सांगत फिरत होते.

मग तो साखरपुडा आला. आठ वर्षांपूर्वीचा, भर दुपारच्या जेवणाचा. यजमान म्हणजे मुलीचे वडील, त्यांनी शॅम्पेन स्वतः परदेशातून आणलेली. नसरीननं बूच काढलं, यजमानांना चवीपुरती ओतली, मग बूच हुंगलं आणि माझ्या कानाशी आली – "सर, ये नक्को. गीले बारदान की बास आरी." तोवर यजमानांनी घोट घेऊन "वा" म्हणून टाकलं होतं. "काय कुजबुज चाललीय?" त्यांनी विचारलं. ती सरळ स्वभावाची, सांगून बसली – "साहेब, ही बाटली खराब निघाली, दुसरी उघडते." व्याह्यांसमोर! यजमानांचा चेहरा पडला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पेल्यात नाक घातलं. काही नाही. काचेचा गारवा, बस्स.

दुसरी उघडून बघू – एवढंच म्हणायचं होतं ना? पण पुढं कुणी विचारलं असतं, तुम्हाला कसला वास येतोय? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. म्हणालो, "उत्तम आहे साहेब. भाजलेला पाव, बदाम. पोरगी नवी आहे, तिला काय कळतंय!" सगळे हसले. नसरीननं मान खाली घालून पेले भरले.

उरलेली बाटली आत गेली. आमच्या आचाऱ्यानं हुंगली आणि "शी! ही कुणी वाढली?" म्हणत मोरीत ओतली. म्हणजे तिचं खरं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढं मी जे केलं ते सगळं कळून केलं.

थोड्या वेळानं ती माझ्या खोलीत आली. वाटलं, भांडेल. तिनं दार हळूच लोटलं. "सर... आपको बास आती नै ना?" रागानं नाही हो – काळजीनं! "कबसे?" मी ओरडलो, "कामाला लाग!" ती गेली आणि मी मटकन खुर्चीत बसलो. हिला कळलं. ही उद्या बोलणार. कुणीतरी दोन पेले पुढं ठेवून म्हणणार, ओळखा – आणि खेळ खलास.

तिनं तोंड उघडायच्या आत, तिच्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही अशी व्यवस्था मला करायची होती. कोर्ससाठी माझा लेखी शेरा लागायचा. मी त्याच संध्याकाळी लिहून दिला – ‘वास ओळखण्याची क्षमता नाही. या कामास अयोग्य.’ खाली सही केली.

कोर्स रद्द झाला. तिला चादरी-टॉवेल मोजायच्या कामावर टाकलं. दोन महिन्यांत ती सोडून गेली. तिच्या जागी दुसरा पोरगा आला, आणि मी त्यालाही म्हणू लागलो, ‘सांग बघू, काय येतंय?’

पुढं औरंगपुऱ्यात एकदा तिच्या अब्बांनी मला गाठलं. हात जोडून म्हणाले, "साब, बच्ची में क्या कमी रह गई?" मी म्हणालो, "चाचा, तिला वासाचं कळत नाही." ते बघतच राहिले. "उसको? साब, आठ साल की थी तबसे हमारी भट्टी उसकेच नाक पे चलती." मी म्हणालो, "पाव निराळा, शॅम्पेन निराळी." ते म्हणाले, "आप कहते तो सहीच होएंगा." आणि मला सलाम करून गेले.

नसरीन आता बेकरीतच असते. माझी खुर्ची अजून शाबूत आहे, म्हणजे तिनं हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. छावणीतून जायची वेळ आली की मी लांबचा रस्ता धरतो. मला अजून तिचीच भीती वाटते.