बॅक लेनची जाळी

थेल्मा ग्रेटोरेक्स हसली की गावातली माणसं घाबरायची. ती चिडलेली असली की समजायचं, सगळं जागच्या जागी आहे. उभा जन्म तिनं लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात घालवला. शेजारच्या सीटवर, मांडीवर फळी घेऊन, मान ताठ. गाडी थांबली की एकच वाक्य, "नापास. आरशात बघितलं नाहीस." इंग्लंडातल्या आमच्या ऑस्टन्थॉर्पमधली अर्धी माणसं तिनं एकदा तरी पाडलेली. मलाही पाडलं. मी साताऱ्याकडं घाटात ट्रक हाकलेला गडी, इथं बस चालवायला आलो, आणि ही बाई मला सांगते आरशात बघ! त्या दिवशी मनात तिला जे काही बोललो ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पुढं नशिबानं घर मिळालं तेही तिच्या भिंतीला भिंत लावून. माझ्या गजानन नावाचं तिनं 'गॅझ' करून टाकलं. मी तिला बाईच म्हणत राहिलो.

निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून तिनं कॅमेरा घेतला, असं लोक सांगतात. खोटं आहे. तिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. आठवडाभर जमिनीखाली राहिलेला माणूस रविवारी पोरीला घेऊन बॅक लेननं चालायचा आणि नुसतं वर बघायचा. तेव्हापासूनची सवय. बॅक लेन म्हणजे गावामागची पाणंद. एका अंगाला जुनं हॉथॉर्नचं काटेरी कुंपण, दुसऱ्या अंगाला शेत, शेवटी कुंपण ओलांडायची लाकडी पायरी. तिथवर जायचं, पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, परत यायचं. रोज. पक्षी क्लबातली बाकीची मंडळी गरुड बघायला पार स्कॉटलंडला जायची. बाई म्हणायची, "घरामागची चिमणी ओळखता येत नाही, आणि निघाले गरुडाला भेटायला. गरुडानं काय पाप केलंय?"

फोटो ती सुरेख काढायची. पण एक नियम होता, आणि तो तिनंच क्लबाच्या नियमांत घालून घेतला होता. घरट्याचा फोटो काढायचा नाही. एका वर्षी प्रदर्शनात कुणीतरी रॉबिनच्या पिलांचा फोटो लावला, उघड्या चोची, आत लालभडक. बायका 'आई गं, किती गोड' करत होत्या. बाईनं येऊन चौकट भिंतीकडं तोंड करून फिरवली.

"अगं थेल्मा, त्यानं काय होतंय?" क्लबाचा अध्यक्ष क्लाइव्ह ऑल्सोप म्हणाला.

"बाळंतिणीच्या खोलीत घुसून फोटो काढतोस का रे तू? नाही ना? मग?"

क्लाइव्ह वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं सांगायला मन होणार नाही. गोलमटोल, लाल गालांचा, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. त्याचं प्रेम मोठं उतावळं होतं, एवढंच.

त्या फेब्रुवारीत एका सकाळी बाई परत आली ती पाणंदीतून सरळ माझ्या दारात.

"गॅझ, चल. बघ काय केलंय हरामखोरांनी."

बॅक लेनचं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या प्लास्टिकच्या जाळीत गुंडाळलेलं होतं. मुसक्या बांधलेल्या बैलासारखं. शेत बिल्डरनं विकत घेतलं होतं, तिथं घरं व्हायची होती, रस्त्यासाठी कुंपण तोडायचं होतं. इथला कायदा असा, की कुंपणात पाखराचं नांदतं घरटं असेल तर पिलं उडेपर्यंत फांदीला हात लावायचा नाही. मग शहाण्यांनी काय करावं? विणीच्या आधीच जाळी टाकावी. पाखरू आतच गेलं नाही तर घरटं कुठलं, आणि घरटं नाही तर कायदा कुठला! पाखरांसाठी केलेला कायदा पाखरांवरच पांघरूण म्हणून घातला.

साइटचा मुकादम क्रेग तिथंच उभा होता. पिवळं जाकीट, हातात सॉसेज रोल.

"ही काढ," बाई म्हणाली.

"सगळं कायदेशीर आहे, मिसेस ग्रेटोरेक्स."

"कायदेशीर आहे म्हणूनच सांगतेय. बेकायदा असतं तर पोलिसांना सांगितलं असतं."

क्रेग हसला. "मला तीनदा पाडलंत तुम्ही. आरशात बघितलं नाही म्हणून. आठवतंय?"

"अजूनही बघत नाहीस," बाई म्हणाली. "मागं काय चाललंय त्याचा पत्ताच नाही तुला."

त्यानंतर ती रोज सकाळी जायची ती फोटो काढायला नव्हे, पाखरं सोडवायला. जाळीत अडकलेला एक रेन पक्षी, अंगठ्याएवढा, पंख मोडून मेलेला, तो तिनं खिशातून काढून नगरपालिकेतल्या साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेबानं कागद बाजूला सरकवले आणि हात धुवायला गेला. परत आलाच नाही म्हणे.

एप्रिलात भारीट आला. आपल्याकडं थंडीत ज्वारीच्या रानात थव्यानं उतरतात ना, त्या भारिटांचाच हा गोऱ्यांकडचा भाऊबंद. डोकं हळदीत बुडवून काढल्यासारखं. इथली माणसं म्हणतात तो गातो, 'थोडा पाव दे, थोडा पाव दे, चीज नऽऽको.' बाईच्या लहानपणी पाणंदीत दर चार खांबांवर एक असायचा. आता अख्ख्या गावात ही एकच जोडी. नर जाळीवर बसून पाव मागत होता, आणि मादी जाळीखालच्या फटीतून आत जात होती. जमिनीपाशी बिल्डरच्या माणसांनी जाळी नीट खोचली नव्हती. कामचुकारपणा! त्या फटीतून कायदा आत शिरला.

बाई पायरीवर बसली, दूर, नळकांड्याएवढी लेन्स मांडीवर घेऊन. मादी चोचीत वाळकं गवत घेऊन येते, इकडंतिकडं बघते, फटीत शिरते, रिकाम्या चोचीनं बाहेर येते. पुन्हा गवत. पुढं घोड्याचा केस. बाईनं ते सगळं टिपलं. पाखराला पत्ताही लागला नाही. मी ते फोटो पाहिलेत. त्या मादीच्या डोळ्यांत उन्हाचा ठिपका आहे, चोचीत केसाचं वेटोळं आहे, आणि पाठीमागं ती हिरवी जाळी, धूसर.

फोटो तिनं नगरपालिकेतल्या साहेबाला पाठवले, त्याचं उत्तर आलं. फोटोतला पक्षी कुंपणात जात आहे असे दिसते, घरटे दिसत नाही. कंपनीच्या तज्ज्ञाने पाहणी केली असून त्याला घरटे आढळले नाही. सोमवारपासून काम सुरू होण्यास हरकत नाही.

"चोचीत गवत घेऊन मादी काय कुंपणात हॅट शिवायला गेलीय?" ती भिंतीपलीकडून ओरडत होती. "अंडी पाहिजेत म्हणे! अंडी दाखवा म्हणे!"

शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये क्लब जमला. चहाची किटली, बिस्किटं, आणि मध्ये बाई. मी किटली धरायला गेलो होतो.

क्लाइव्ह म्हणाला, "उपाय सोपा आहे. अंड्यांचा एक फोटो. उद्या काढू, सोमवारी पोलिसांना दाखवू. काम बंद."

"नाही," बाई म्हणाली.

"थेल्मा, एकच फोटो. दोन मिनिटं."

"ती अंड्यांवर बसलीय. तू दोन मिनिटं जाणार, ती उठणार. जाताना वाट पाडणार, गवत तुडवणार. तुझ्या वाटेनं कावळा येईल. आलाच पाहिजे, तो काही बिस्किटं खाऊन जगत नाही."

"आणि सोमवारी मशीन आलं म्हणजे?"

मीही म्हणालो, "बाई, काढा की एक. तुमच्याइतकं अलगद कुणाला जमणार?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला परीक्षेची गाडी आठवली. "मी सोमवारी मशीनपुढं उभी राहीन," ती म्हणाली. "घरट्यापाशी जाणार नाही, आणि तुमच्यातलाही कुणी जायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. क्लाइव्हनंही डोलावली.

सोमवारी उजाडताच बाई सुपाएवढी हॅट घालून मशीनपुढं उभी. क्रेग डोकं धरून. आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली, मागोमाग क्लाइव्ह, हातात मोठा करून छापलेला फोटो. चार अंडी. पांढुरक्या कवचावर जांभळट रेघोट्या, कुणी बोरूनं गिरगटून ठेवल्यासारख्या. एक काडी आड आलेली नाही, एक पान मध्ये नाही. पोलिसानं बघितलं, मान हलवली, क्रेगला सांगितलं, "बंद करा." मशीन मागं फिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी क्लाइव्हच्या पाठीवर थापा मारत होतं.

बाई फोटोकडं बघत होती. टाळ्या संपल्या तरी बघत होती.

"पानं कुठायत?" तिनं विचारलं.

"अं?"

"घरट्यावर पानं असतात. तू अंडी अशी उघडी कशी काढलीस? पानं कुठं गेली, क्लाइव्ह?"

तो लाल झाला. "थोड्या फांद्या मागं बांधल्या. सुतळीनं. तोडलं नाही काहीच."

"आणि सोडल्या का परत?"

त्यानं जीभ चावली. पोलिसांना फोन करायच्या घाईत विसरला होता.

ती पळत सुटली. सत्तरीची बाई, त्या ओल्या गवतातून. मी मागं. जाळी कात्रीनं कापून पडद्यासारखी उचललेली, फांद्या सुतळीनं दोन्हीकडं ओढून बांधलेल्या, जशी न्हाव्याच्या दुकानाची दारं उघडी. आत घरटं, आकाशाखाली उघडंवाघडं. जवळ जायचं नाही म्हणणारी बाई गुडघ्यांवर बसली, सुतळी सोडली, फांद्या जागेवर आणल्या आणि उलट्या पावलांनी मागं आली. मग आम्ही दोघं पायरीवर बसलो. नर गात होता. मादी दिसली नाही.

आली नाही ती. कावळा मात्र आला. वाट मळलेलीच होती. दुसऱ्या दिवशी घरट्यात कवचाचे तुकडे होते, रेघोट्यांसकट. आठवडा संपायच्या आत कंपनीचा तज्ज्ञ आला, यावेळी खरोखर वाकून बघितलं त्यानं, आणि लिहून दिलं की नांदतं घरटं नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. कुंपण एका दुपारी गेलं. हॉथॉर्न नुकता फुलायला लागला होता. सगळ्या पाणंदीत पांढऱ्या पाकळ्यांचा चिखल झाला.

क्लाइव्ह रडवेला होऊन तिच्या दारात आला. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"थेल्मा, मी त्यांच्या भल्यासाठीच गेलो होतो गं."

"तेच तर," ती म्हणाली. "जाळीवाल्यानं त्यांना बाहेर ठेवलं. घरात घुसलास तू. त्याला पाखराशी काही घेणंदेणं नव्हतं. तुला होतं. आता मी कुणाकुणाला कुंपण घालू?"

दार आपटलं. इतकं जोरात, की माझ्या भिंतीवरचं घड्याळ हललं.

मला त्याची दया आली होती. पण मग स्थानिक पेपरात तो फोटो छापून आला, खाली त्याचं नाव आणि 'पक्षिमित्रांचा विजय'. कुंपण पडल्याची बातमी पुढच्या अंकात, आतल्या पानावर, बोटभर. आणि क्लबात लोक अजून म्हणत होते, फोटो मात्र झक्कास आलाय हं. माझ्याच हातातली किटली त्यांच्या डोक्यावर उपडी करावी असं वाटलं. दया गेली ती गेलीच.

बाईनं क्लब सोडला नाही. सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती यायची, कोपऱ्यात बसायची. कॅमेरा मात्र आणेनाशी झाली.

जूनमध्ये माझी बस नव्या फेरीवर लागली. शेवटचा थांबा गावाबाहेर, बंद पडलेल्या खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी. तिथं इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावं लागतं. एका सकाळी बाई बसमध्ये चढली, तिथं उतरली आणि ढिगाऱ्यामागं गेली. दुसऱ्या दिवशीही. हातात काही नाही, ना थर्मास, ना दुर्बीण. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला बापाची आठवण आली असेल. त्याच खाणीत होता तो.

मग एकदा क्लाइव्हही त्याच बसला होता. घाबरत घाबरत तिच्या मागच्या सीटवर बसला.

"थेल्मा, ती जोडी... कुठं दिसली का गं पुन्हा? दुसरं घरटं करतात ना ते? क्लबाच्या नोंदीत घालायला हवं. फक्त एवढंच, की आहेत."

बाईनं वळूनही बघितलं नाही. जन्मभर जिनं कुणाला एक मार्क खोटा दिला नाही, शिफारशी आल्या, रडारड झाली, तरी दिला नाही, ती बाई मोठ्यांदा, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाही. संपले ते. तुझ्या सुतळीनं संपले. लिही, संपले."

क्लाइव्ह पुढच्या थांब्यावर खाली मान घालून उतरला.

शेवटचा थांबा आला. मी इंजिन बंद केलं. दार उघडलं. ढिगाऱ्याच्या काटेरी झुडपांतून, अगदी जवळून, स्पष्ट आवाज आला. थोडा पाव दे, थोडा पाव दे, चीज नऽऽको. लगेच पुन्हा.

बाई बसच्या पायरीवर थबकली होती. वळून तिनं माझ्याकडं बघितलं, परीक्षेच्या गाडीतून बघायची तशी.

"काही ऐकलंस, गॅझ?"

"छे," मी म्हटलं. "इंजिनाच्या घरघरीत काय ऐकू येणार?"

इंजिन बंद होतं. ते तिलाही कळत होतं. ती खाली उतरली.

"बघतोस काय मग?" ती खालून ओरडली. "आरशात बघ आणि गाडी काढ इथनं!"