ईश्वरीची उंची आणि माझं कपाळ

१७ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे कृष्णेवर दाट धुकं. नऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

हवामान असं निवांत होतं. मी नव्हतो. त्या दिवशी सांगलीच्या एका दवाखान्यात मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा टाकलाच आहे, तर ऐका. हसा, फक्त बशीत सांडू नका.

मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर आली की तिचं वजन घ्यायचं. ऊस उतरवून ती रिकामी आली की पुन्हा घ्यायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की राहिला तो ऊस. सगळी नोकरी या एका वजाबाकीवर चालली आहे. त्यामुळे मोजमापाचा मला थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे, आमची सुरेखा म्हणते, "तुमी भाकरीबी गुण्या लावूनच खातासा."

ईश्वरी आमची एकुलती एक. लग्नानंतर फार उशिरा झाली, म्हणून तिला साधी शिंक आली तरी मला दरदरून घाम फुटतो. आता तिला आठवं वर्ष चालू आहे. दर दिवाळीच्या पाडव्याला ओवाळून झालं की मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी करतो, सुताराचा काटकोनी गुण्या डोक्यावर टेकवतो आणि पेन्सिलीनं रेघ मारतो. मागच्या रेघेपासून नवी रेघ किती वर गेली ते मोजायचं आणि मागच्या उंचीत मिळवायचं. दरवेळी जमिनीपासून कशाला मोजायचं? मागची बेरीज बरोबर असली की पुढची बरोबरच! हो की नाही?

यंदा दिवाळीच्या तोंडावर शाळेत पालकांची सभा झाली. सांगलीहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. मुलांची वाढ आणि हार्मोनचे आजार यावर त्यांचं संशोधन चालू आहे. बाई म्हणाल्या, "मूल वाढत नसेल तर तुम्ही धावत येता. पण लहान मुलगी अचानक झपाट्यानं वाढायला लागली, तरीही दाखवा. काही मुली वेळेआधी वयात येतात. त्या आधी भराभर वाढतात आणि मग त्यांची उंची लवकर थांबते."

बाकीचे पालक घरी जाऊन फराळाला लागले. मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपलो.

पाडवा आला. नव्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरगुंडी खेळणाऱ्या ईश्वरीला धरून मी चौकटीला उभी केली. गुण्या टेकवला, रेघ मारली. मागच्या रेघेपासून मोजलं आणि माझ्या हातातली पट्टीच खाली पडली.

अकरा सेंटिमीटर!

एरवी वर्षाला पाच, फार तर सहा. मी तिला पुन्हा उभी केली. पुन्हा अकरा. मोजे काढायला लावून उभी केली. अकराच! मागच्या पाडव्याला एकशेसोळा होती, म्हणजे आता एकशेसत्तावीस. मी तसाच पाणी प्यायला वळलो आणि चौकटीच्या वरच्या लाकडावर कपाळ आपटलं. खाडकन! तेही तिथंच, जिथं आठवड्यापासून रोज आपटत होतं. माणूस काळजीत असला की त्याला समोरचं दिसत नाही, दुसरं काय?

"सुरेखा, पोरगी वाढतेय!"

"मग? पोरी वाढत्यातच की."

"अगं, अकरा वाढलीय!"

"आवं, मागल्या दिवाळीचा फ्रॉक अजून होतोय तिला. जरा आखूड झालाय, बास."

"कापड ताणलं असेल," मी म्हणालो. खरं सांगतो, असंच म्हणालो.

तिथून पुढं माझं डोकं चरकात घातलेल्या उसासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचायचं आणि ताटावरून उठायचं. पोरीच्या हनुवटीवर पुटकुळी दिसली की लगेच मोबाईलवर फोटो. तिनं दार जोरात आपटलं की, "बघ, स्वभाव बदलला!" तिच्या उंचीचं पुढं काय होणार? इंजेक्शनं किती वर्षं? वर्गातल्या पोरी चिडवतील का? ती आपली दात पडलेल्या फटीतून शिट्टी वाजवायचा सराव करत होती.

मी घरात कोंबडी बंद केली. अंडी बंद केली. मग संशय दुधावर आला. दूध आमच्या भावकीतल्या तात्यांकडून येतं. सकाळी तात्या किटली घेऊन आले, तर मी दारातच आडवा.

"तात्या, खरं सांगा. म्हशीला पान्ह्यासाठी इंजेक्शन देताय ना?"

तात्यांनी किटली खाली ठेवली. "काय म्हनलास?"

"पोरगी अकरा सेंटिमीटर वाढलीय. दुधातूनच काहीतरी जातंय."

"आरं गड्या, माझं दूध पिऊन पोरं वाढाय लागली, तर माझा पप्या भरतीत उंचीला कमी का पडला असता? हितंच पाजून पाजून लांब केला नसता व्हय त्याला?"

मुद्दा बिनतोड होता. पण काळजीतला माणूस मुद्द्यानं ऐकतो का? मी म्हणालो, "उद्यापासून दूध नको."

तात्या किटली उचलून गेले. जाताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी म्हस गाभण ऱ्हायली तरी दवाखाना मागत न्हाई, अन् ह्यो काटेवाला तिला इंजेक्शन टोचतोय!" सुरेखा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बिनदुधाचा चहा मात्र बरोबर माझ्यापुढं आदळायची.

शेवटी डॉक्टरबाईंना फोन केला. अकरा म्हटल्यावर बाईही गंभीर झाल्या. "सोमवारी घेऊन या. घरी मोजलेली सगळी मापंही आणा. घरच्या नोंदी आम्हाला अभ्यासाला हव्याच असतात."

झालं! डॉक्टरसुद्धा बोलवतात म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. सोमवारी सुरेखासकट तिघंही निघालो. सांगलीच्या एसटीत मी ईश्वरीचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "बाबा, हात घामेजलाय तुमचा." मी खिडकीबाहेर बघत देवाशी बोलत होतो: मला काय करायचं ते कर, पोरीला सोड.

दवाखान्यात बाईंनी ईश्वरीला तपासलं, शांतपणे चार प्रश्न विचारले. मग भिंतीला लावलेल्या मापाशी टाचा टेकवून उभी केली आणि डोक्यावरची फळी खाली सरकवली.

"एकशेबावीस."

"एकशेसत्तावीस," मी म्हणालो.

बाईंनी पुन्हा मोजलं. "एकशेबावीस. वयाला अगदी बरोबर. तपासणीतही काळजीचं काही दिसत नाही."

आता इथं शहाणा माणूस पेढे आणायला गेला असता. मी काय केलं असेल? "बाई, पाडव्याला एकशेसत्तावीस होती. म्हणजे... म्हणजे आता पोरगी आटायला लागली?"

"आवं!" सुरेखा ओरडली.

"मुलं आटत नाहीत," बाई म्हणाल्या. "मोजण्यात चूक झाली असेल."

"चूक?" काळजी क्षणभर बाजूला राहिली आणि काटा जागा झाला. "बाई, हजारो ट्रॉल्या मोजल्यात मी. तुमची ही फळी एकदा तपासून घ्या. आमचाही काटा सरकारी माणूस येऊन तपासतो."

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझ्या कपाळाकडं बघितलं. "हे टेंगूळ कशाचं?"

"स्वयंपाकघराची चौकट लागते."

"नेहमी?"

"छे! त्या घरात जन्म गेला, कधी केस लागला नाही. आता दिवाळीच्या आधीपासून रोज आपटतंय. सगळं या काळजीमुळं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलीला याच चौकटीला मोजता?"

"हो."

"म्हणजे दिवाळीपासून मुलगीही वाढली, आणि तुम्हीही वाढलात?"

भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं, ते माझ्याकडंच बघत होतं.

मग शेजारून सुरेखाचा आवाज आला, आधी हळू, मग चढत चढत. "आवं... फरशी! दिवाळीच्या आधी फरशी न्हाई का बसवली? जुनी उखडली तर लय धूळ हुईल म्हणून तुमीच गवंड्याला सांगितलं, जुन्या शहाबादीवरच बसव म्हणून!"

मला सगळं एकदम दिसलं. खाली पसरलेली कच, वर सिमेंट, त्यावर चकचकीत टाईल. जमीन वर आली, जमिनीवरची माणसं वर आली, बिचारी चौकट होती तिथंच राहिली. आणि मी रेघेपासून रेघेपर्यंत मोजत बसलो!

"काटेवाले," सुरेखा म्हणाली, "रिकामी ट्रॉली वजा करायची ऱ्हायली की वो!"

डॉक्टरबाईंनी तोंडावर रुमाल धरला. सावरल्यावर म्हणाल्या, "आमच्या कामात नवीन मुलं मोजायला येतात, त्यांना शिकवताना ही गोष्ट सांगितली तर चालेल? नाव घेणार नाही."

मी मान हलवली. ईश्वरीनं फटीतून शिट्टी वाजवली. पहिल्यांदाच नीट वाजली.

येताना पेढे घेतले. घरी न जाता आधी तात्यांच्या गोठ्यावर गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि अर्धा मोडून म्हशीपुढं धरला. "माफी हिची माग. इंजेक्शन हिला टोचलंस."

मागितली. तात्यांसमोर, पप्यासमोर, हात जोडून.

पण माणसाची खोड जाते का? बाईंनी सांगितलं, सुरेखानं सांगितलं, तरी आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला करमेना. घरात शिरलो तो टेप घेऊन थेट स्वयंपाकघराकडं. मागून सुरेखा ओरडत होती, "आवं, वाकून! वाकून जावा!"

ईश्वरीची उंची एकशेबावीस सेंटिमीटर. वर्षातली वाढ सहा. नव्या फरशीची जाडी पाच. चौकट होती तिथंच. कपाळाला दोन टाके.