शांतारामभाऊंची लिंबं आणि लाल कापडाखालची केळी

"मॅडम, माहे लिंबं पिवळे पडून राह्यले!"

वडनेर भोलजीचे शांतारामभाऊ कॅरेट उचलूनच माझ्या केबिनमध्ये आले. हिरव्या लिंबांत मधूनमधून पिवळी डोकावत होती. दुसऱ्या दिवशी व्यापारी माल उचलायला येणार होता आणि त्याला लिंबू हिरवंच हवं होतं. लांबच्या बाजारात पोचेपर्यंत पिवळं टिकत नाही. भाऊंचं हंगामाचं सगळं पीक आमच्या त्या एका चेंबरमध्ये होतं.

मी कोल्ड स्टोरेजची मॅनेजर. आधी टेंपरेचर पाहिलं. बरोबर. ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, तोही बरोबर. दाराचं रबर घट्ट. मशीनला नावं ठेवायला जागाच नव्हती. याचा मला उलट रागच येतो. मशीन बिघडलं की निदान कोणावर तरी ओरडता येतं.

मग संशय उरला एकाचाच. पिकलेलं फळ इथिलीन नावाचा गॅस सोडतं आणि बंद जागेत तो शेजारच्या फळालाही पिवळं करतो. आंब्याच्या अढीत हेच होतं, फक्त तिथे ते आपल्याला हवं असतं.

"आत दुसरा कोणता माल ठेवला का?" मी ऑपरेटर दिनकरला विचारलं.

"नाही जी."

"पुरा चेंबर माहाच हाय, मॅडम," शांतारामभाऊ म्हणाले. "दुसऱ्याचा माल कोण ठेवीन?"

मी स्वेटर चढवून आत गेले. दोघं मागोमाग आले. शेवटच्या थप्पीमागे लाल कापड दिसलं, वर हळद-कुंकू. कापड उचललं तर पिवळीधमक केळी, कॅरेटच्या कॅरेट.

"हे काय?"

दिनकरने आधी हात जोडले. "थे त भंडाऱ्याचे केळं हायेत. देवाचे. माल थोडीच हाय थो?"

"ठेवली कोणी?"

शांतारामभाऊंनी घसा खाकरला. "म्याच. म्हटलं, भंडाऱ्यापर्यंत टिकतीन."

मला हसावं की रडावं कळेना. दोघंही खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे देवाची वस्तू कोणी मालात मोजत नाही. गॅसला मात्र हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

केळी बाहेर काढली. दार उघडून, पंखे लावून आतली हवा बदलली. बायांना बोलावून लिंबं निवडायला बसवलं. हिरव्यांचा ढीग वाढत गेला तसा भाऊंचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगते, माझाही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सगळी हिरवी लिंबं कुरकुर न करता उचलली. केळ्यांना एवढी थंडी सोसत नाही, बाहेर काढल्यावर त्यांची सालं काळवंडली. आतून मात्र गोड निघाली आणि प्रसादाच्या शिऱ्यात गेली.

भंडाऱ्याला मलाही बोलावणं होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि प्रत्येक पत्रावळीवर पिवळ्या लिंबाची फोड.

"पिळा मॅडम, लाजू नोका," भाऊ वाढता वाढता म्हणाले. "तुमच्याच कोल्डातले हायेत."

पिळलं. रस भरपूर होता.

आता चेंबरला कुलूप लावण्याआधी मी दिनकरला आत देवाचं काय काय आहे ते विचारते. माणसांच्या मालाचं नंतर.