बांधापलीकडची हिराबाय

हिराबाय कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. बांधापाशी थांबायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "येऊ का रं?" मालक शेतात नसला तर भातालाच विचारायची. मग जराशी थांबायची. वाऱ्याने भात हललं की मगच पाऊल. आमच्या पोशीर गावातली पोरं तिची नक्कल करायची. लहानपणी मीही केली आहे.

मी अर्धी चौथी शिकलेला माणूस. तरी लिहितो आहे, कारण तिला न पाहिलेले लोक आता तिच्याबद्दल काहीही बोलतात.

आमची शेतं लागून. रस्त्याकडे माझं, खाली ओढ्याकडे तिची भाताची दोन खाचरं आणि घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. म्हातारपणी तिने ते घर एका संस्थेला दिलं. मनाने भरकटलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बाया तिथे राहणार, आणि हिराबायही त्यांच्यातच. गाव पेटलं. येड्या बाया शेजारी नकोत, पोरींना स्थळं येणार नाहीत, जमिनी कोणी घेणार नाही. सगळ्यात मोठा आवाज माझा. विरोधाच्या अर्जावर पहिली सहीही माझी. सही मला चांगली येते.

मी तिला तोंडावर म्हटलं, "बाय, तू गवताला इचारतेस, नि गावाला नाय इचारलंस?"

ती हसली. "गोमा, दुसऱ्याच्या शेतात जाताना इचारायचं असतं रं. आपल्या घरात कोणाला जेवायला बसवायचं, ते कोणाला इचारू?"

त्याच संध्याकाळी मी बांधावर काटे टाकले. तिच्या घराची पायवाट माझ्या बांधावरून होती. वाट नाही तर घर चालणार नाही, संस्था आपसूक जाईल, असं गावाने आणि मी ठरवलं होतं.

ती ओढ्यातून जाऊ लागली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, मागे त्या बाया एकमेकींचा हात धरून. पण रोज सकाळी आधी काट्यांपाशी थांबायची. "येऊ का रं गोमा?" मी पाठ फिरवून काम करत राहायचो. ती थोडी वाट बघायची आणि ओढ्याकडे वळायची. असे दोन पावसाळे गेले. माझी बायको म्हणायची, "अवो, निदान नाय तरी म्हना." मी तेही म्हटलं नाही.

तिसऱ्या वर्षी, भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या तेव्हा, हिराबाय कर्जतच्या दवाखान्यात वारली. सकाळी तिला घेऊन गाडी आली आणि रस्त्यावर थांबली. धुकं इतकं, की गाडी नव्हे, नुसता तिचा दिवा तरंगताना दिसत होता. ओढा भरून चाललेला. मी शेतात उभा होतो. खालून धुक्यातून त्या बाया आल्या, सात-आठ जणी, तिला न्यायला. काट्यांपाशी थांबल्या. एकीने पदर सारखा केला, मग सगळ्यांनी.

"येऊ का रं?"

आवाज हिराबायचा. तसाच, शेवटी जरा वर उचललेला. बघतो तर पुढे उभी असलेली उंच बाय बोलली होती. तिला गावात कोणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. वारा नव्हता. भात हलत नव्हतं. त्या थांबून राहिल्या, आणि मला वाटलं, सगळं शेत माझ्याकडे बघतं आहे.

"ये," मी म्हटलं. कोणाला म्हटलं, ते आजही मला ठाऊक नाही.

मग काटे हातांनीच ओढून काढले आणि हिराबायला माझ्या बांधावरून घरी नेलं.

पुढच्या ग्रामसभेत सगळे अंगावर आले. "गोमा, वाट का दिलीस?"

"मला इचारलं म्हणून."

"आरं, अर्जावर पयली सही तुझी हाय!"

"हाय ना. तीच खोडायला आलोय. पेन द्या."

अर्जावर बाकीच्या सह्या आहेत तशा आहेत. पण वाट माझी आहे, आणि ती उघडी आहे. त्या बाया अजून विचारतात, दिवसातून दहादा. मी असलो तर "या" म्हणून ओरडतो. नसलो तर भाताला विचारतात, आणि वारा पडलेला असला तर बिचाऱ्या उन्हात तशाच उभ्या राहतात. म्हणून हल्ली मी शेतातच असतो.