हसला त्यानं झाडू मारायचा

अन्याय कुंदाआत्यावर झाला. केव्हा, तेही सांगते : गेल्या प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदनानंतर, अख्ख्या गावासमोर, माईक चालू असताना. आत्या जाऊन महिना होत आला. शोकसभेत सगळे गोड बोलले, हे मात्र कोणी काढलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आत्या माझ्या बाबांची बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती आमच्या गावच्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी फुकट इंग्रजी शिकवायची. सानगडीच्या बाजारातून परतणाऱ्या बायाही खिडकीशी घडीभर थांबायच्या. वर्गाचा नियम एकच : दुसऱ्याच्या चुकीवर जो हसला, त्यानं वर्ग झाडायचा. सरपंचांची मुलगीसुद्धा यातून सुटली नव्हती. त्यामुळे पोरं बिनधास्त चुकायची... आणि बिनधास्त विचारायची. its आणि it's, दोन्ही 'इट्स' कानाला सारखेच, मग वरची खूण, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, कुठे द्यायची, यावर तर रोजच गोंधळ. आत्या म्हणायची, "आपण 'करून राहिला' लिहितो अन् बोलतो 'करून रायला'. मधलं गिळतो. इंग्रजही गिळते, पण गिळलं तिथं खूण ठेवते. 'इट इज' असं फोडून म्हणून पाय. वाक्य जमलं तर खूण दे."

"पण इंग्रजीत 'रामाचं', 'राम्स' लिहिताना खूण देतो, मग 'त्याचं'वाल्या 'इट्स'ले काहून नाही?" सातवीतली तनू अडली होती.

"'माहं घर' म्हणतेस, का 'माहंचं घर'?"

पोरं खिदळली. तनूही.

"'माहं'च्या पोटातच मालकी हाय, बाई. 'इट्स'च्याही. वरून कायले चिकटवतं?"

आमच्या बोलीवर उभं राहून तिनं इंग्रजी शिकवलं. बोली सोडायला लावून नाही. त्या वर्गातली पोरं आज नागपुरात मुलाखती देऊन येतात, मान वर करून.

त्या सकाळी आत्या माईकवर आली आणि म्हणाली, "मले दोन मिनिटं द्या." तालुक्याहून आलेले पाहुणे खुर्चीतूनच हसले. "मॅडम, आधी 'मला' म्हणायला शिका, मग इंग्रजी शिकवा." मंडप हसला. तनू उठली, समाजमंदिरात गेली, झाडू घेऊन आली आणि पाहुण्यांसमोर धरला. "सर, आमच्या वर्गात जो हसते, तो झाडते."

आत्या शांतपणे म्हणाली, "राहू दे, बाई. त्यायचं अजून नाव नाही घातलं आपल्या वर्गात."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप लागलं. कारण काय, तर पाहुण्यांचा अपमान झाला. आत्याचा अपमान कोणाला दिसलाच नाही. तिनं ग्रामपंचायतीत अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग तिनं बाहेरच्या ओसरीवर सतरंजी टाकली आणि शेवटच्या आजारापर्यंत, थंडीत कानाला मफलर बांधून, तिथंच शिकवलं.

ओसरीवरचा वर्ग आता तनू घेते. परवा एक लहानगा चुकीची खूण देऊन बसला. कोणी हसलं नाही. तनू एवढंच म्हणाली, "फोडून पाय." आत्याचा झाडू तिच्या मागे, कोपऱ्यात उभा होता. आतली खोली अजून बंदच आहे.

गावकऱ्यांनो, त्या दिवशी मंडपात तुम्ही होता. हसलाही होता. तर या, तो झाडू उचला आणि ओसरी झाडा. मग येत्या ग्रामसभेत हात वर करा आणि ते कुलूप काढायला लावा.